गंगेचं बेणं

वैशाख निम्मा सरला आणि सतीच्या डोहातले मासे सकाळच्या पारी वर येऊन तोंडं उघडायला लागले.

पहिल्यांदा ते मनकर्णानं पाहिलं. घागर घेऊन ती डोहाच्या काठाला उतरली होती. दिवस नुकता वर आलेला. पाण्यावर जागोजाग आधण आल्यासारखे बुडबुडे दिसत होते. वाकून पाहिलं तर हात-हातभर लांबीचे तांबीर, काळपट कानस, पाण्याच्या वरच्या अंगाला ओठ लावून हवा ओढत होते. तिचा पाय पाण्यात पडला तरी एकानंही बुडी मारली नाही. तिनं हात घातला. एक तांबीर तिच्या तळहाताला घासून गेला, थकल्यासारखा, सावकाश. भोयाच्या घरी जन्मून भोयाच्याच घरी दिलेली बाई ती. मासा माणसाला भ्यायचा थांबलाय असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. घागर रिकामीच घेऊन ती चढ चढून आली.

सासरा बन्सीधर खोपटाच्या सावलीत जाळ्याच्या गाठी चाचपत बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. पावलावरून त्यानं सून ओळखली आणि पावलावरूनच काही तरी झालंय हेही ओळखलं.

"मामा, मासे वर आलेत. तोंडं उघडायलेत."

"कोणचे?"

"तांबीर. कानस बी हायत."

"मरळ?"

"मरळ न्हाई दिसली."

"ती न्हाई दिसायची. ती चिखलात बी दम धरती." म्हाताऱ्यानं जाळं बाजूला ठेवलं. "तांबीर वर आला म्हंजे पाण्यातला जीव गेला म्हणून समज. भुजंगाला बलाव."

रेणाघाट हे पाथरीच्या अंगाचं, गंगेच्या काठावरचं गाव. गोदावरीला तिथं कुणी गोदावरी म्हणत नाही. भोयांची घरं सहा. नवं पाणी आल्यापासून होळीपर्यंत मासे धरायचे, आणि होळी झाली की वाळूत वाडी करून टरबूज-काकडी काढायची, हा त्यांचा वर्षाचा फेरा. होळीनंतर सतीच्या डोहात जाळं घालायचं नाही. उन्हाळ्यात गंगेची धार तुटली की आठ-दहा कोसांतला मासा त्या एका डोहात गोळा होतो, माद्या गाभोळीनं भरतात, आणि आभाळ फुटून पाणी आलं की सगळीकडं चढत जाऊन अंडी टाकतात. बन्सीधर त्यांना बेणं म्हणायचा. उसाचं बेणं कुणी गुऱ्हाळात घालत नाही, एवढंच तो सांगायचा, आणि सहाही घरं ऐकायची.

यंदा दिवाळीतच गंगा तुटली होती. वाडी करपली. बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. आणि डोहाच्या काठावर पाणी उपसायची सात इंजनं बसली होती. मनकर्णाचा नवरा भुजंग, भरल्या गंगेत घाटाची नाव चालवणारा, दर आठ दिवसांनी बांबू घालून पाणी मोजायचा. होळीला दोन पुरुष खोल होतं. आता त्याच्या छातीला लागत होतं.

सातांतली चार इंजनं ऊसवाल्या किशनरावांची. भुजंग त्याच दिवशी त्यांच्याकडं गेला. ते धुऱ्यावर लिंबाखाली बसले होते आणि इंजन बंद पडलेलं होतं.

"बरं झालं आलास," किशनराव म्हणाले. "फुटबॉल चोंदलाय. उतर तेवढा."

पाइपाच्या बुडाला गाळ अडवायला जाळीचा डबा असतो, त्याला सगळे फुटबॉल म्हणत. भुजंग धोतर खोचून उतरला. चिखलात मांडीएवढा रुतला. डबा उपसून त्यानं जाळीत बोटं घातली तर शेवाळाबरोबर झिंगे आणि बोटाएवढी पिल्लं चिकटलेली. काहींचं नुसतं डोकं. त्यानं सगळं खरवडून काढलं, डबा परत बसवला, आणि चिखलानं भरलेला तसाच काठावर येऊन उभा राहिला. इंजन सुरू झालं. धुराचा वास दोघांच्या मधून गेला.

"मालक, दिवसाआड तरी बंद ठेवा. मासा मरायलाय."

किशनराव वाईट बोलले नाहीत. त्यांनी तंबाखूची डबी काढून त्याच्याकडं टाकली. "भुजंग्या, पंधरा दिवस पाणी न्हाई भेटलं तर मव्हा ऊस गेला. उसाचं नाव सातबाऱ्यावर लागतं. तुहा मासा कोणाच्या सातबाऱ्यावर हाय?"

"गंगेच्या."

"गंगेला तलाठी न्हाई." ते हसले नाहीत. "मी चार बंद केले तर वरचे तिघं बंद करतील का? ते आणखी एकेक आणतील. मह्यापरीस तेच जास्त उपसतील. तुमी असं करा, सगळे मासे काढून घ्या. मह्या टॅक्टरनं परभणीला पोचवतो. मेल्यावर काय करायचेत?"

भुजंगनं हे जसंच्या तसं घरी येऊन सांगितलं. सहाही घरांची माणसं बन्सीधरच्या खोपटापुढं जमली होती. त्याचा पुतण्या मुंजाजी, थोराड अंगाचा, सगळ्यांत आधी बोलला.

"किशनराव खोटं काय बोलला, काका? आठ दिवसांत सडून जातील. आज काढले तर लेकरांच्या पोटात जातील. बेणं बेणं करून कुत्र्याच्या तोंडी देण्यात काय शानपण हाय?"

"काढशीन," बन्सीधर म्हणाला. "फुडं?"

"फुडचं फुडं."

"तांबीर दगडावरचं शेवाळ खातो. त्याच्या पिल्लावर शिंगाळा जगतो, मरळ जगती, वरून बगळा जगतो. तांबीर गेला की शिंगाळा आपल्याच जातीवर उठतो. एक-दोन सालं तुला मरळच मरळ घावंल, तू म्हणशीन लय झालं. मंग ती बी न्हाई. नुसतं हिरवं पाणी ऱ्हाईल. बैल तोंड लावत न्हाई असल्या पाण्याला."

"मंग करायचं काय? इंजनावर धोंडा घालू?"

म्हातारा परत जाळ्याच्या गाठी चाचपायला लागला. मग मुंजाजीच म्हणाला, "चार दिवस थांबतो, काका. तुमच्या शब्दाखातर. पाचव्या दिवशी जाळं पडंल."

सगळे उठून गेल्यावर मनकर्णा म्हणाली, "थोडे तरी दुसऱ्या पाण्यात नेऊन टाकता येतील का?"

"पाणी कुठं हाय?" भुजंग म्हणाला. "गावातल्या हिरीत बुडाला लोटकं लागायलंय."

"खदानीत हाय."

बन्सीधरनं मान तिच्या आवाजाकडं वळवली आणि तशीच ठेवली.

खदान गावाच्या पल्याड, बौद्धवस्तीच्या मागं होती. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या खडीसाठी खोदली, आणि खोल गेल्यावर तिला झरा लागला. वस्तीतल्या बायांनीच तिथं घण मारले होते. गावच्या विहिरीवर त्यांना धड पाणी भरू देत नसत, तेव्हापासून खदान हेच त्यांचं पाणी. भोयांनी तिथं जाऊन काही मागावं असं भोई आणि वस्ती यांच्या मधे काही उरलं नव्हतं. ते भुजंगला ठाऊक होतं, मनकर्णालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी खडीच्या कामावरून सुटल्यावर ती सत्यशीलाच्या मागं मागं गेली. दोघी एकाच रस्त्यावर खडी फोडत, पण वेगवेगळ्या ढिगांवर. सत्यशीला वस्तीतल्या रंगनाथची बायको. उंच, वाळलेली, बोलायला तोडून. अंगणात आल्यावर तिनं डोक्यावरची चुंबळ काढली आणि विचारलं, "काय काम काढलं, मनकर्णाबाई?"

मनकर्णानं सांगितलं. मासे, इंजनं, चार दिवस. सांगताना ती अंगणाबाहेरच उभी होती.

सत्यशीलानं सगळं ऐकून घेतलं. "आमच्या खदानीत पाणी हाय हे तुमाला बरं याद आलं."

सत्यशीलानं हातातली चुंबळ झटकली.

"नऊ वर्सं झाली. इद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आन् इथं आमची घरं पेटली. आमी सगळे घाटावर आलो. गंगा दोन्ही थड्या भरून. पल्याड गेलो असतो तर बीडच्या हद्दीत आमची माणसं होती. तुह्या नवऱ्याला किती हाका मारल्या. नाव न्हाई आली. दोन रात्री पावसात पाणकणसात बसलो. मही सासू सगुणाबाई तिथंच गारठली, तिसऱ्या दिवशी गेली."

"नावेचा दोर तुटला होता," मनकर्णा म्हणाली. नऊ वर्षं हेच ती ऐकत आली होती आणि नऊ वर्षं हेच सांगत आली होती.

"तुला खरं वाटतं?"

मनकर्णानं खाली पाहिलं. खडीनं फुटलेल्या बोटाला चिंधी बांधली होती, ती सुटली होती. ती पुन्हा गुंडाळत राहिली.

"मागायचं तर त्यानं यावं," सत्यशीला म्हणाली. "बाईला म्होरं करू नये."

भुजंग त्या संध्याकाळी जेवला नाही. जाणार नाही म्हणाला. मासे मरूदे म्हणाला. मग बन्सीधरनं काठी चाचपली आणि तो उठला. "मी जातो. मी सांगतो." आंधळा म्हातारा पाच पावलं चालून गेला, तेव्हा भुजंग उठला, बापाला धरून परत बसवलं, आणि पायात काही न घालता गेला. मनकर्णा त्याच्या मागं.

दिवस मावळायचा होता अजून. रंगनाथ दारात बसून खुरप्याला मूठ ठोकत होता. वस्तीतली दहा-पंधरा माणसं भोवती जमली. भुजंग उभाच राहिला. त्याला बस कुणी म्हटलं नाही.

"दोर तुटला नव्हता," तो म्हणाला.

मनकर्णानं तोंडाला पदर लावला.

"दुपारीच गावातले चौघं आले. म्हणले, नाव पल्याड ने आन् बस. कोणाला उतरवलंस तर तुहं खोपट बी पेटवू. मी नेली. तुमच्या हाका ऐकल्या सगळ्या. मी भ्यालो."

रंगनाथनं खुरपं मांडीवर ठेवलं. "हे मला त्याच दिवशी ठाऊक झालतं. तुही नाव पल्याड होती आन् नावेत कंदील जळत होता. दोर तुटून वाहत गेलेल्या नावेत कंदील कोण लावंल?" त्याचा आवाज चढला नाही. "नऊ वर्सं तू मह्या म्होरून जातोस. म्या वाट पाहिली, आज सांगंल, उद्या सांगंल. आता माशासाठी सांगायला आलास."

"हाव. माशासाठीच आलो," भुजंग म्हणाला.

मालनबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "प्यायचं पाणी हाय ते. मासे घाण करतील. आमी काय प्यावं मंग?"

वस्तीत थोडी बोलाचाली झाली. शेवटी सत्यशीलानं रंगनाथकडं पाहिलं आणि रंगनाथ म्हणाला, "चाळीस आणा. वर एक नको. माशांनी आमचं काय वंगाळ केलं? पण भुजंग, तुला माफी भेटली असं समजू नको. पाणी देलंय, एवढंच."

उजाडायच्या आत तिघं डोहावर गेली. भुजंगनं फेकायचं जाळं टाकलं आणि ओढत आणलं. बन्सीधर कमरेइतक्या पाण्यात बसला. एकेक मासा तो दोन्ही हातांत घ्यायचा, पोटावरून अंगठा फिरवायचा. त्याच्या पांढऱ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण अंगठा चुकत नव्हता.

"मादी. भरलीय. घे. ह्यो नर, चांगला हाय, घे. ही म्हातारी झाली, सोड. मरळ आली का? तिला नको न्यायला. ती या सगळ्यांना खाऊन टाकंल."

भुजंगनं कावड काढली होती. दोन्ही अंगांना रॉकेलचे मोठे डबे, घासून घासून धुतलेले, एका डब्यात दोन मासे. मनकर्णाच्या डोक्यावर टोपलं, टोपल्यात ओलं पोतं, पोत्यात पाणी शिंपडलेला एक मासा. खदान पक्की दोन मैल. पहिल्या खेपेला दिवस वर आला आणि डब्याचा पत्रा तापला. मनकर्णाच्या डोक्यावरचा मासा अर्ध्या वाटेत जोरात फडफडला. टोपलं कलंडलं, मासा धुळीत पडला. तिनं उचलला, पदरानं पुसला, लुगड्याच्या ओच्यात घेऊन पळायला लागली. पायात चप्पल नव्हती. खदानीत सोडला तेव्हा तो उलटा होऊन तरंगला. तिनं पाण्यात उतरून त्याला सरळ धरला, आपण होऊन पोहावा म्हणून किती तरी वेळ धरून बसली. मग सोडला आणि तो पुन्हा उलटा झाला.

पहिल्या दिवशी चौदा नेले. पाच जगले. मेलेले वस्तीच्या लेकरांनी नेले, तेव्हा मनकर्णा दुसरीकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेवर बाभळीखाली सत्यशीला उभी दिसली. तिनं घागरी भरून आणल्या होत्या, ओल्या फडक्यानं झाकलेल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कामावरची हजेरी बुडवून आली होती.

"पाणी बदला," ती म्हणाली. "तापलेल्या पाण्यात माणूस तरी जगंल का?"

तीन दिवस तसं चाललं. भुजंगच्या दोन्ही खांद्यांची साल निघाली, त्यावर हळद लावायला घरात हळद नव्हती. तिसऱ्या दिवशी तो कावड उचलताना ओरडला, आणि मग कावड दोघी बायांनी दोन टोकांना धरून नेली. सगळे मिळून एकतीस मासे खदानीत जगले. चाळीस भरले नाहीत.

पाचव्या दिवशी मुंजाजीनं शब्द पाळला. जाळी पडली. किशनरावांचा ट्रॅक्टर आला, आसपासच्या गावांची माणसं टोपल्या, चादरी, मच्छरदाण्या घेऊन चिखलात उतरली. काठीनं, दगडानं, हातानं मारत होती. संध्याकाळपर्यंत पाण्याचा चिखल झाला आणि चिखलात मरळी वळवळत राहिल्या, त्याही खोरं घालून काढल्या. मुंजाजीनं मोठी पाटी भरून आणून बन्सीधरच्या दारात ठेवली. मान खाली घालून गेला. भुजंगनं ते मासे भाजले. बन्सीधरनं एक तुकडा हातात घेतला, हुंगला, आणि परत ठेवला. मनकर्णानं खाल्लं. पोटात दोन दिवस काही नव्हतं.

बारीक मासा चिखलात राहून गेला तो नंतर कुजला. वास गावभर. आठवडाभर बगळे आले, मग तेही येईनात. किशनरावांच्या उसालाही शेवटचं पाणी भेटलं नाही. सातही इंजनं कोरड्या खड्ड्यात पाइप सोडून उभी होती.

पाण्यात तीन दिवस बसल्यानं बन्सीधरच्या मांड्यांना फोड आले होते. ते चिघळले, ताप भरला. तापात तो एकच विचारायचा, "किती हायत?" मनकर्णा रोज खदानीवर जाऊन यायची आणि सांगायची. एकतीस. अठ्ठावीस. सव्वीस. एक दिवस तो शुद्धीवर होता. म्हणाला, "मनकर्णा, कोंडलेल्या पाण्यात तांबीर अंडी टाकीत न्हाई. वाहतं पाणी अंगाला लागावं लागतं. लय दीस झाले तर गाभोळी आतल्या आत जिरून जाती. मिरगात पाणी आलं तर बरं."

मिरग कोरडा गेला. आर्द्रा लागायच्या आदल्या दिवशी बन्सीधर गेला. गंगेच्या वाळूत जाळला. अंघोळीला गंगेत पाणी नव्हतं. सत्यशीलानं एक घागर पाठवली. सहा घरांची माणसं त्या एका घागरीतलं ओंजळ-ओंजळ पाणी डोक्याला लावून घरी गेली. मुंजाजीनंही लावलं. कुणाची घागर हे त्यानं विचारलं नाही.

पुनर्वसूचा तरणा पाऊस कोरडा गेला, पुष्याचा म्हातारा पाऊसही गेला. खदानीचं पाणी उतरत उतरत कपारीपर्यंत गेलं, हिरवं झालं. वस्तीतल्या बाया एकमेकींचे हात धरून खाली उतरायच्या आणि फडक्यानं गाळून भरायच्या. मालनबाई रोज बोलायची. तिचा नातू जुलाबानं पडला तेव्हा ती सत्यशीलाच्या अंगणात येऊन बसली. "माशाचं पाणी पाजलंस तू आमाला." त्या दिवसापासून सत्यशीला मैलभर पल्याडच्या मळ्यातून मालनबाईच्या घरची एक घागर आणायची, स्वतःच्या घरची खदानीतूनच. मनकर्णानं हे पाहिलं आणि सांजची एक खेप आपल्याकडं घेतली. नातू पंधरा दिवसांनी उठून बसला.

मासे रोडावले होते. डोकी मोठी दिसायची. सतरा राहिले.

गंगेला पाणी आलं ते श्रावणात, आणि तेही इथल्या पावसाचं नव्हे. इथं धूळ उडत होती. वर कुठं तरी लांब पडला असेल. सकाळी वाळूतून एक गढूळ जीभ पुढं सरकत आली, दुपारपर्यंत घोट्याला, संध्याकाळी गुडघ्याला. दुसऱ्या दिवशी सतीचा डोह भरला.

त्याच दिवशी भुजंगनं कावड काढली. खांदे भरून आले होते, पण कातडी अजून गुलाबी होती. या खेपेला दोघी बायांबरोबर रंगनाथही आला. तो भुजंगच्या बरोबरीनं चालला नाही, पंधरा-वीस पावलं मागं राहिला, पण एक डबा त्याच्या डोक्यावर होता. मुंजाजी घाटावर उभा होता. त्यानं खाली उतरून डबे धरले.

भुजंग छातीएवढ्या पाण्यात गेला. एकेक मासा दोन हातांनी धारेत धरायचा, तोंड वरच्या अंगाला करून. मासा थोडा वेळ तसाच राहायचा, कल्ले हलायचे, मग शेपटीचा एक फटका देऊन निघून जायचा. सोळा गेले.

सतरावा सत्यशीलाच्या डब्यात होता. सगळ्यांत मोठी मादी. मनकर्णा हात पुढं करून उभी राहिली. सत्यशीलानं डबा दिला नाही.

"ही ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "अडीच म्हैने मह्या लेकरांनी तोंडाम्होरचा मासा पाहून कोरडी भाकर खाल्ली. रातचं पोट दुखतंय म्हणून रडले तरी मी हात न्हाई लावू देला. एक तरी त्यांच्या ताटात पडू दे."

मनकर्णानं डब्यात पाहिलं. "चला," ती म्हणाली, "मी कापून देते. तुमाला तांबिराचे काटे काढता येत न्हाईत."

सत्यशीलाच्या अंगणात, वळचणीच्या सावलीला, तिनं विळा पायाखाली धरला. या वेळी ती अंगणाच्या आत होती. खवले काढले. पोट चिरलं. दोन बोटं आत घातली आणि थांबली.

गाभोळी नव्हती. जिथं मुठीएवढी पिवळी पोळी असायची तिथं तपकिरी, वाळलेली एक दोरी होती, बोटानं दाबली तर पिठासारखी झाली.

"काय झालं?" सत्यशीलानं विचारलं.

"जिरली."

"म्हंजे?"

"गाभोळी जिरली. समद्याच एका पाण्यात होत्या. सोडलेल्यांची बी अशीच आसंल." मनकर्णाचा आवाज सरळ होता. "औंदा पिल्लं न्हाईत."

सत्यशीला तिच्यासमोर उकिडवी बसली. माशाच्या उघड्या पोटाकडं पाहत राहिली. दुपारची वेळ; लेकरं चुलीपाशी येऊन बसली होती. "फुडच्या साली?"

"जगल्या तर. कोणी मारल्या न्हाई तर. डोहात पाणी ऱ्हायलं तर."

सत्यशीलानं उठून चूल पेटवली. लेकरांना एकेक तुकडा, रंगनाथला डोकं, आणि एका ताटात भाकर, वर रस्सा आणि शेपटीकडचा तुकडा घालून तिनं ते ताट मनकर्णापुढं ठेवलं. मनकर्णा या वस्तीत कधी जेवली नव्हती. भोयांच्या सहा घरांतलं कुणीच जेवलं नव्हतं. तिनं हात धुतले आणि भाकर मोडली.

तेवढ्यात भुजंग आला. धोतर ओलं, अंगावर गंगेचा गाळ वाळलेला. अंगणाच्या कडेला येऊन थांबला. घाटावरून तसाच आला होता. तोंडावर काही तरी होतं, बऱ्याच दिवसांत नसलेलं.

"मादी होती ना?" त्यानं मनकर्णाला विचारलं. "गाभोळी कशी होती? भरलेली होती?"

मनकर्णानं वर पाहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो तिच्याकडं पाहत राहिला, आणि हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

रंगनाथ जेवत होता. त्यानं डोकं चोखून काटे बाजूला ठेवले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन भुजंगला काही विचारलं.

"तांबीर किती वर्सं जगतो?"

"आठ-धा," भुजंग म्हणाला. "कोणी मारला न्हाई तर."

रंगनाथनं मान हलवली आणि पुढचा घास घेतला. भुजंगला बस कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तो उभाच राहिला. मनकर्णानं तुकड्यातला काटा बोटांनी ओढून काढला, घास तोंडात घातला, आणि खाली मान घालून चावत राहिली.